वारेचे कान

"तिला डब्यात काय आहे ते विचारू नका," असे त्या इमारतीत नव्याने राहायला येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाई. "विचारलंत, तर ती खरं सांगेल."

डबा निळा होता, पांढऱ्या झाकणाचा. सहलीला जाणारी माणसे पाण्याच्या बाटल्या थंड ठेवायला नेतात तसा. दर शनिवारी ती तो कामावरून घरी आणी, गरम पाण्याने घासे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीत उन्हात पालथा घाली. ते काम तिला दुसऱ्या कुणावर सोपवावेसे वाटत नसे. तळमजल्यावरच्या काकूंनी एकदा न राहवून विचारलेच.

"वार असते," ती म्हणाली. "बाळंतिणीची. आज रिकामा आहे."

त्यानंतर आपण दोन दिवस जेवलो नाही, असे काकू सांगत. पुढे वर्षे गेली तसे त्या दिवसांचे चार झाले, मग आठवडा झाला. मात्र जिन्यात कुणाला नवा कपडा शोभतो की नाही, मुलाचे अक्षर खरेच चांगले आहे की शिक्षिका उगाच म्हणतात, असा प्रश्न पडला की माणसे दुसऱ्या मजल्यावर तिच्याकडेच जात. "तोंडाळ आहे, लग्न नाही, हसायला विसरलीय," काकू म्हणत, "पण तिच्या तोंडून खोटा शब्द काढून दाखवा."

ती डॉक्टर नव्हती आणि नर्सही नव्हती. प्रसूती रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर, संशोधनाची एक प्रयोगशाळा होती. तिच्या दारावरच्या पाटीत सर्वांत खाली 'सहायक' असा एक शब्द होता. तो शब्द म्हणजे ही. प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या प्रमुख मॅडमही ताईच म्हणत.

प्रसूतिकक्षातून फोन आला की ताई डबा बर्फाने भरून खाली उतरे. बाळ रडले, आईच्या छातीशी गेले, की खोलीतल्या सगळ्यांचे डोळे तिकडे लागत. आणि स्टीलच्या पसरट भांड्यात मागे राहिलेली वार कुणाचीच नसे. ती ताईची. "वीस मिनिटांत टेबलावर आली पाहिजे," असे ती नव्या विद्यार्थ्यांना बजावी. "एकविसाव्या मिनिटाला पेशी रुसतात. मग मला समजूत काढता येत नाही."

वार ती थंड खारट पाण्यात धुई, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. वरचे पापुद्रे सोलून, लहान वाकड्या कात्रीने आतले शेवाळासारखे मऊ झुबके कापून घेई. ते कोमट पाण्याच्या टबात औषधात हलवायचे, जाळीतून गाळायचे, यंत्रात गरगर फिरवायचे. मग नळीच्या मधोमध एक धुरकट कडे दिसे. तेवढेच पिपेटने अलगद उचलून ताटल्यांत पसरायचे. उचलताना हात हलला की रक्ताच्या पेशी मिसळत आणि दिवसभराची मेहनत पाण्यात जाई. अठ्ठावीस वर्षांत तिचा हात दोनदा हलला होता. दोन्ही तारखा तिला पाठ होत्या.

त्यानंतर तीन दिवस थांबायचे. पहिल्या दिवशी पेशी सुट्या असत, वाट चुकलेल्या माणसांसारख्या. दुसऱ्या दिवशी त्या घोळके करत. तिसऱ्या दिवशी त्यांच्यामधल्या भिंती नाहीशा होत आणि पुष्कळ पेशींची मिळून एकच चादर तयार होई. पोटात आई आणि बाळ यांच्या मधोमध हीच चादर असते; अन्न जाते ते तिच्यातून, हवा जाते ती तिच्यातून. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, बोटाखालचे मोजणीचे बटण टकटक दाबत, ताई किती मिसळल्या आणि किती सुट्या राहिल्या ते मोजी. चौथ्या दिवशी ताटल्या टाकून द्यायच्या. जुन्या ताटलीवरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो, म्हणून तसा नियमच तिने स्वतःच्या ठसठशीत अक्षरात कपाटाच्या दारावर चिकटवला होता: "चौथ्या दिवशी ताटली ठेवू नये."

पेशींना हे मिसळणे शिकवणारा हार्मोन साऱ्या जगाच्या ओळखीचा आहे. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती त्याच्यामुळे. तो वारेच्याच पेशी बनवतात, आणि गंमत अशी की तो ऐकायचाही त्यांनीच असतो. ऐकण्यासाठी पेशीच्या अंगावर जे असते त्याला मॅडम रिसेप्टर म्हणत. ताई कान म्हणे. काही वर्षांनी मॅडमही भाषणात कान म्हणू लागल्या; ताईचे नाव तेवढे घेत नसत.

अधूनमधून एक निराळी वार येई. ज्या बाळाच्या प्रत्येक पेशीत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात, म्हणजे ज्याला डाउन सिंड्रोम म्हणतात, त्या बाळाची. अशा वेळी आईच्या रक्तात तो हार्मोन नेहमीच्या दुपटीने सापडतो. दुपटीने आहे म्हणजे काम दुप्पट, असे कुणालाही वाटेल. पण तो असतो दुबळा, आणि पेशींवर कान थोडे. तिसऱ्या दिवशीही त्या ताटलीतल्या पेशी एकमेकींना खेटून, पण सुट्याच. "हाका मारून मारून घसा बसलाय, आणि घरात ऐकणारं कुणी नाही," असे ताई विद्यार्थ्यांना समजावून सांगे, आणि बटण दाबत राही. अशा एकेचाळीस वारा तिच्या हाताखालून गेल्या होत्या. त्या कुणाच्या हे तिला माहीत नसे. डब्यावर फक्त क्रमांक असे, आणि ते तिला बरे वाटे.

ताईची धाकटी बहीण तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीची वेणी घालण्यापासून तिला शाळेत सोडण्यापर्यंत सगळे ताईनेच केले होते. धाकटी पुढे टपाल कचेरीत पत्रे वेगळी करायच्या खात्यात लागली आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका शांत माणसाशी तिचे लग्न झाले. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळे संपले. सदतिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा राहिले आणि तिसरा महिना सुखरूप उलटला, तेव्हा धाकटीने टपालातल्या मैत्रिणींनाही न सांगता फक्त ताईला फोन केला होता. "ताई, वार मात्र तुलाच हं. आधीच सांगून ठेवते."

चौथ्या महिन्यात रक्ताची नेहमीची तपासणी झाली. दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत धाकटी नवऱ्याला घेऊन तिसऱ्या मजल्यावर आली. तिच्या हातात कागद होता.

"डॉक्टर म्हणतात, एकशे दहात एक," ती म्हणाली. "म्हणजे काय गं?"

"म्हणजे एकशे नऊ जणींचं काही नसतं," भाऊजी म्हणाले. रस्ताभर त्यांनी हेच सांगितले असावे.

"ते मला कळतं हो. मी ताईला विचारतेय."

ताईने कागद वाचला. हार्मोन नेहमीच्या दोन पूर्णांक दोन पट होता. खाली लिहिले होते की अडीचशेत एकपेक्षा जोखीम जास्त असल्यामुळे पोटात सुई घालून बाळाभोवतीचे पाणी काढून तपासावे.

"सुईने पडायची भीती असते ना?" धाकटीने विचारले.

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

"शेकड्यात एकाहून कमी."

"माझं दोनदा थोड्याचंच जास्त झालं, ताई." धाकटीने कागद घडी करून पुन्हा उलगडला. "तू सांग. तू म्हणशील तर सुई घेते. तू म्हणशील नको, तर नको. तुझ्याशिवाय यातलं मला कुणाचंच कळत नाही."

"उद्या सांगते," ताई म्हणाली.

त्या दुपारी ताईने जे केले ते तिच्याइतके ज्ञान नसलेल्या माणसाला सुचलेच नसते. तो हार्मोन दहाव्या आठवड्यानंतर रक्तात कमी कमी होत जातो. म्हणून तो किती पट आहे हे नुसत्या आकड्यावर नाही, तर कितव्या आठवड्यात रक्त घेतले यावर ठरते. आठवडा आधीचा धरला, की तोच आकडा कमी भयंकर दिसतो. हे ताईला आपल्या नावाइतके पक्के माहीत होते.

रक्ताच्या तपासणीची खिडकी त्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडे होती. तिथल्या माणसाला सगळे 'चौकट' म्हणत, कारण अर्जातली एक जरी चौकट रिकामी असली तरी तो नळीला हात लावत नसे.

"आठवडे कशावरून धरलेत?" ताईने विचारले.

"पाळीच्या तारखेवरून. सतरा आठवडे, एक दिवस."

"आणि सोनोग्राफीवरून?"

"सोळा पूर्ण. आठ दिवसांचा फरक." त्याने चष्मा वर सरकवला. "दहाच्या आत आहे, ताई. दहाच्या आत असेल तर पाळीचीच तारीख. मी नवा होतो तेव्हा तुम्हीच शिकवलंत. म्हणालात, आठवड्यांत मन घालायचं नाही, नाहीतर आपल्याला हवा तो आकडा येतो."

"तिची पाळी लांबते. पस्तीस दिवसांवर जाते."

"अर्जावर अठ्ठावीस लिहिलंय."

"घाईत लिहिलं असेल. एका खोलीत वाढलो आम्ही. मला नाही माहीत, तर कुणाला?"

पाळी लांबत असे हे खरे होते, पण ते धाकटी शाळेत असताना. विशीनंतर ती महिन्याच्या महिन्याला येऊ लागली होती, आणि "ताई, बघ, आता मी घड्याळासारखी झाले," असे धाकटीने ताईलाच सांगितले होते. बोलताना ते ताईला आठवले नाही, असे म्हणता येणार नाही. ते आठवले, आणि तिने ते बाजूला सारले, टेबलावरचा पसारा कोपराने बाजूला सारावा तसे.

चौकट पडद्याकडे वळला. "दुसरं कुणी असतं ना, तर हाकलून दिलं असतं," तो म्हणाला. "पण तुम्ही खोटं बोलत नाही, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे." त्याने पस्तीस लिहिले आणि आठवडे सोळा केले. यंत्राने नवा कागद बाहेर टाकला. दोनशे सत्तरात एक.

अडीचशेची रेषा वीसने ओलांडली होती; आता सुई लागत नव्हती. ताईने तो कागद जिन्यात उभे राहून तीनदा वाचला. आपण चूक दुरुस्त केली, असे तिला वाटले. तसे वाटावे म्हणून तिने फार प्रयत्न केला नाही, तरी ते आपोआप वाटले, आणि त्याचीच तिला पुढे सर्वांत जास्त भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. "तारखेचा घोळ होता. आकडा उतरलाय. सुई नको."

पलीकडे धाकटी रडली, मग हसली, मग नाक पुसत म्हणाली, "तुझ्या तोंडून ऐकलं ना, आता मला झोप लागेल."

ताईला मात्र ती लागेना. डोळे मिटले की दोन पूर्णांक दोन दिसे. अठ्ठावीस वर्षे इतरांच्या आकड्यांकडे जसे पाहिले, तसे या आकड्याकडे आपण का पाहिले नाही, हे तिला समजत होते, आणि समजून काही उपयोग नव्हता. तीन आठवड्यांनी, सुईची वेळ टळण्याआधी, एका रविवारी सकाळी ती धाकटीकडे गेली. रस्ताभर तिने वाक्य घोकले होते. दार उघडताच धाकटीने तिचा हात धरून पोटावर ठेवला.

"लागतं का? आज पहिल्यांदा. माशीनं पंख हलवल्यासारखं."

ताईला काही लागले नाही. "लागलं," ती म्हणाली.

मग चहा पिताना, कपाकडे पाहत, तिने विचारले, "तरी एकदा सुई घेतेस का? मनाच्या समाधानासाठी."

"कुणाच्या मनाच्या?" धाकटीने कप खाली ठेवला. "तूच म्हणालीस ना, आकडा उतरला? काही लपवत नाहीयेस ना?"

"लपवायचं काय?"

"काय ताई, तुम्ही तरी," भाऊजी खिडकीपाशी चष्म्याची दांडी पिळत म्हणाले. "आमच्याकडे गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसायला लागलं, की ते पुन्हा डोळे तपासायला येत नाही. आलं, तर आम्हीच घाबरतो."

धाकटी हसली. कितीतरी वर्षांत ती अशी मान मागे टाकून हसली नव्हती. ताईने घोकलेले वाक्य चहाबरोबर गिळले, कप विसळून पालथे घातले आणि ती घरी आली. पुढच्या आठवड्यात वेळ टळली. जोखीम कमी म्हटल्यामुळे पाचव्या महिन्यात साधीच सोनोग्राफी झाली. बाळाचे हृदय वेगळे, बारकाईने पाहायला कुणी सांगितले नाही. एकदा गाडी रुळावरून पुढे गेली, की फलाटावर उभे राहून तिला परत बोलावता येत नाही. उरलेले महिने ताई तशी फलाटावर उभी होती.

बाळंतपण एका मंगळवारी दुपारी झाले. प्रसूतिकक्षातल्या सिस्टरचा फोन आला, पण नेहमीसारखा नाही. "ताई, तुमच्या घरची आहे. दुसऱ्या कुणाला पाठवता का?"

"मीच येते," ताई म्हणाली आणि डब्यात बर्फ भरला.

मुलगी होती. ताईने तिला एकदाच पाहिले: वर चढलेले डोळे, तळहातावर आडवी एकच रेघ, आणि उचलणाऱ्याच्या हातातून ओघळेल असे मऊ, सैल अंग. ओठ निळसर होते. बालरोगतज्ज्ञ कानाला नळ्या लावून बराच वेळ तिची छाती ऐकत उभे राहिले. हृदयात भोक असावे, ते म्हणाले. इथे नवजात बाळांच्या हृदयाचे डॉक्टर नाहीत, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात लगेच न्यावे लागेल. गुणसूत्रांचा निकाल यायला दहा दिवस. "आधी अंदाज असता तर बाळंतपणच तिकडे केलं असतं," ते सिस्टरला हळू म्हणाले. "आईला आणि बाळाला असं वेगळं करावं लागलं नसतं." ताई दोन पावलांवर, स्टीलचे भांडे हातात धरून उभी होती.

रुग्णवाहिका बाळाला आणि भाऊजींना घेऊन गेली. धाकटीला टाके पडले होते. ती मागे राहिली. ताईने घड्याळ पाहिले. सतरा मिनिटे झाली होती. ती जिना चढली.

"ताई, आजचं मी करते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही खाली बहिणीजवळ बसा."

"तुमचा हात हलतो, मॅडम."

मॅडमना राग आला नाही. त्यांनी फक्त खुर्ची मागे घेतली. ताईने वार धुतली, सोलली, कापली, गाळली. धुरकट कडे उचलताना हात हलला नाही. सगळे नेहमीइतके नीट झाले आणि त्याचे तिला काही वाटले नाही. ताटल्यांवर तिने क्रमांक घातला, नाव घातले नाही.

दर दुपारी ती खाली धाकटीच्या खोलीत जाई. धाकटी उशाला टेकून बसलेली असे, बाळ नसलेल्या पाळण्याकडे पाठ करून. भाऊजी पलीकडच्या रुग्णालयातून फोन करत: आज नळीने दूध घेतलं, आज रंग बरा आहे. फोन ठेवला की धाकटी एकच विचारी.

"तुझ्या ताटल्या काय म्हणतात?"

"ताटल्यांवरून काही ठरत नसतं. रक्ताचा निकाल येऊ दे."

"ठरत नसू दे. म्हणतात काय?"

"अजून काही म्हणत नाहीत."

तिसऱ्या दिवशी ताई सूक्ष्मदर्शकापाशी बसली. पेशी जिवंत होत्या, चांगल्या पसरल्या होत्या, एकमेकींना बिलगल्या होत्या. त्यांच्यामधल्या भिंती मात्र जशाच्या तशा. तिने बटण हातात घेतले, एकदा दाबले, आणि खाली ठेवले.

चौथ्या दिवशी तिने ताटल्या टाकल्या नाहीत. कपाटाचे दार उघडताना स्वतःचेच अक्षर तिच्या डोळ्यांसमोर येई, आणि ती दार उघडे. जुने पाणी काढून ती नवे घाली आणि ताटल्या पुन्हा उबेला ठेवी. उशिरा मिसळतील, काही वारा आळशी असतात. आपण हे स्वतःशी बोलतो आहोत हे तिला कळत होते. सहाव्या दिवशी तिने शीतकपाटातून ती छोटी कुपी काढली. तिच्यात शुद्ध केलेला, ताकदवान हार्मोन होता, प्रयोगासाठी राखून ठेवलेला. थोड्या कानांनाही ऐकू जाईल इतका तो तिने त्या ताटल्यांत ओतला.

आठव्या दिवशी काही जागी भिंती विरल्या होत्या. सगळीकडे नाही, इकडे चार पेशी, तिकडे सहा, आणि एका कोपऱ्यात चांगली मोठी चादर. तेवढ्यात मॅडम मागून आल्या, वाकल्या, आणि त्यांचा आवाज चढला.

"ताई! अहो, मिसळल्यात! ऐकलं त्यांनी! म्हणजे दोष कायमचा नाही, हार्मोन जोरदार दिला की... किती घातलात? लिहून ठेवलंत ना?"

"लिहिलंय," ताई म्हणाली.

"पुन्हा करून बघायला हवं. नव्या वारेवर, तिसऱ्याच दिवशी. केवढी मोठी गोष्ट आहे ही!"

"हो."

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

ताईने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "वारेचं काम मंगळवारी दुपारीच संपलं, मॅडम. ही मिसळली काय, न मिसळली काय. पोरीच्या पेशींत तीन आहेत ती तीनच राहणार."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने काढून घेतला. ताईने ताटल्या एकेक करून जंतुनाशकात बुडवल्या.

निकाल अकराव्या दिवशी आला. बाळ त्याच्या आदल्या दिवशी आईकडे परतले होते. धाकटीने कागद वाचला, घडी केला, बाळाला छातीशी धरले आणि म्हणाली, "बरं." "तुला माहीत होतं का?" असे तिने विचारले नाही. तिने विचारले असते, तर ताईने सांगितले असते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यायचे, हे तिला कधी शिकावे लागले नव्हते.

भाऊजींना दुकान होते, आणि बाळाला एकेक वाटी दूध पाजायला तासतास लागे. म्हणून धाकटी मुलीला घेऊन काही दिवस ताईच्या दोन खोल्यांत राहायला आली. मुलगी दोन घोट पिई, दमे, ओठ निळे होत. मग थांबायचे, तळव्याला टिचकी मारायची, पुन्हा सुरुवात. सहा महिन्यांची झाली की हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. ताई सकाळी जाण्याआधी एक वेळ पाजी आणि आल्यावर एक. मुलगी पिता पिता तिचे बोट घट्ट धरी. सैल अंगाच्या त्या मुलीची पकड तेवढी घट्ट होती.

एका शनिवारी संध्याकाळी काकू दोन जिने चढून वर आल्या. धापा टाकत त्या खुर्चीवर बसल्या, बाळाला पाहिले, तिच्या केसांचे कौतुक केले, आणि मग उन्हातून आत आणलेल्या निळ्या डब्याकडे नजर टाकत म्हणाल्या, "काय तरी बाई नशीब. घरात एवढी जाणती मावशी, जन्म त्याच कामात गेला, आणि तिलाही कळू नये म्हणजे!"

ताई स्वयंपाकघराच्या दारात दुधाची वाटी घेऊन उभी होती.

"काकू, तिला काही बोलू नका," धाकटी झटकन म्हणाली. तिचा आवाज चढला तसे बाळ दचकले. "तिला कसं कळणार? यंत्रानं आकडा चुकीचा दिला. आकड्यानं फसवलं आम्हाला. ताईनं मला आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाहीये. हो की नाही गं, ताई?"

ताईने वाटी टेबलावर ठेवली. तिचा हात हलला आणि थोडे दूध सांडले. काकू तिच्याकडे पाहत होत्या. धाकटी पाहत होती, हसून, खात्रीने, लहानपणी शाळेच्या फाटकातून पाहायची तशी.

"यंत्रानं बरोबर सांगितलं होतं," ताई म्हणाली. "एकशे दहाच खरा होता. तुझी पाळी लांबते असं खोटं सांगून आठ दिवस मी कमी करून घेतले, कारण मला तो आकडा नको होता."